भित्तिपत्रक, एकांकिका आणि जांबोटीची बस

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाकडे जाताना खानापूर तालुक्यातले जांबोटी लागते. पुढे कणकुंबी, मलप्रभेचे उगमस्थान, आणि मग गोवा. या भागातल्या मराठी मुलामुलींना पदवीसाठी बहुधा बेळगाव किंवा खानापूर गाठावे लागते, आणि त्यांचा सारा दिवस बसच्या वेळेला बांधलेला असतो. अशा विद्यार्थ्याने वाङ्मय मंडळात किंवा नाट्यमंडळात वेळ घालवून पुढे नोकरीला काय उपयोग, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. ‘व्यक्तिमत्त्व विकास होतो’ या गुळगुळीत उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही, होऊही नये.

साधे भित्तिपत्रक घ्या. विषय जाहीर होतो, लेख मागवले जातात. निम्मे वेळेवर येत नाहीत, आलेल्यांपैकी एखादा कुठून तरी उतरवलेला असतो. विद्यार्थी संपादकाला तो ओळखावा लागतो आणि वर्गमित्राला परतही करावा लागतो. सहाशे शब्दांचा मजकूर दोनशेवर आणायचा, मथळा द्यायचा, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, प्राध्यापकांची मान्यता घ्यायची आणि ठरल्या दिवशी फलकावर लावायचे. दैनिकाच्या संपादन कक्षात याहून वेगळे काय चालते? तेथे वेग अधिक, एवढेच. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’मुळे बेळगावात मराठी वृत्तपत्राची मोठी परंपरा आहे. तेव्हा या कामाची ओळख इथल्या विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मित्राचा आवडता परिच्छेद कापून मैत्री टिकवणे हे मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

नाटकाचे ठळक उदाहरण पुण्याचे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना नाटक करणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे पुढे डॉक्टरही झाले. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन पटेलांचे, नाना फडणवीस आगाशे यांचा. त्या नाटकाच्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी उभी केली. कॉलेजचे नाटक करणारा प्रत्येक जण नट होत नाही. पण एकत्र काम करण्याची सवय लागलेली माणसे पुढे संस्था चालवू शकतात. २०२२ मध्ये अपेक्षित दर्जा नसल्याचे सांगून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते, जाहीर नकार ऐकून पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभे राहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

विद्यापीठांच्या युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटे मिळतात. ती सांभाळायला रंगमंचामागे वेळ पाहणारा, प्रकाश देणारा, सामान मोजून नेणारा आणि मोजून आणणारा लागतो. सीमाभागात यात आणखी एक काम येते. संहिता मराठी, कार्यालयाला द्यायचा अर्ज कन्नड, प्रायोजकाला पत्र इंग्रजी. हा व्यवहार ज्याने दोन वर्षे केला, तो अनुवाद, जनसंपर्क किंवा बँकेच्या खिडकीवरचे काम यांसाठी इतरांपेक्षा अधिक तयार असतो. दुर्दैवाने तो अर्जात फक्त ‘नाट्यमंडळ सदस्य’ एवढेच लिहितो. किती जणांचा प्रवास ठरवला, किती रुपयांचा हिशेब पावत्यांसह दिला, कोणत्या भाषांत पत्रे लिहिली, हे लिहिले तर मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळते.

राहता राहिली बस. तालमी संध्याकाळी ठेवल्या की जांबोटीकडचे विद्यार्थी, त्यातही मुली, आपोआप गळतात. मग हीच कौशल्ये शहरात राहणाऱ्यांच्या वाट्याला जातात आणि गावाकडची मुले प्रेक्षकांत बसतात. तालीम दुपारच्या सुट्टीत घेता येते. मुद्रितशोधन घरी मोबाइलवर करता येते. भित्तिपत्रकाचे संपादन दर अंकाला बदलता येते, आणि हिशेबाची वही जांबोटीच्या मुलीकडेही देता येते. वर्षाच्या आरंभी मंडळाची पहिली बैठक बोलावताना प्राध्यापकांनी बसचे वेळापत्रक समोर ठेवावे.