वाटीभर आमटी, चार माणसं

गेल्या दिवाळीनंतर आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आला. त्याला कारण झाला माझ्या रक्ततपासणीचा कागद. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याने मर्यादा ओलांडली होती. ‘खाता काय?’ असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी जरा तोऱ्यातच म्हणालो, ‘शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.’ डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, ‘शाकाहारी, की नुसते पोळी-भाताहारी? आठ दिवस मोजून बघा आणि मग या.’

मोजलं. चार माणसांच्या आमटीला तुरीची डाळ किती, तर ७० ग्रॅम. म्हणजे माणशी साडेसतरा! उसळ आठवड्यातून एकदा, तीही तोंडी लावण्यापुरती. उलट सकाळचे पोहे, डब्यातल्या पोळ्या, संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, रात्रीचा भात असं सगळं धरून माझ्या एकट्याच्या पोटात रोज ४०० ग्रॅमहून जास्त धान्य जात होतं. गुरुवारी उपवास, म्हणून साबुदाणा. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाहीच. उपवास करून वजन वाढवणारी माणसं जगात आणखी कुठे असतील, कोण जाणे!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबात दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. अंडी-मांस खाणाऱ्यांनी तेही या ८५ ग्रॅममध्येच धरायचं. देशातल्या आजारांच्या एकूण ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारामुळे आहे, असंही या संस्थेने सांगितलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक मधुमेही आढळले. त्यांच्यात माझ्यासारखे अंडंही न खाणारे पुष्कळ असणार. ‘मी मांस खात नाही’ एवढ्यावर आरोग्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं.

वजनकाट्याचा हा खेळ आमची मुलगी बघत होती. ती एकदा म्हणाली, ‘बाबा, पनीर मोजलंत का?’ पनीर हे आताशा शाकाहाऱ्यांचं मटण झालं आहे. हॉटेलात गेलं की पनीर, लग्नाच्या पंगतीत पनीर, पाहुणे आले की पनीर. किलोभर पनीरला साधारण पाच लिटर दूध लागतं. आणि दूध म्हटलं की जनावर आलं. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव गवत-कडबा कुजवतात, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो मुख्यत: ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. जगातल्या तापमानवाढीच्या वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश वायू अन्न पिकवणं, वाहून नेणं, शिजवणं आणि फेकणं या व्यवहारातून येतात. तेव्हा माझ्या रक्तातली साखर आणि हवेतली उष्णता यांचा संबंध ताटापाशी येऊन पोचतो, हे तिचं म्हणणं मला नाकारता येईना.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची, तर मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसापायी सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. चीजपायी ११ किलो, कोंबडीपायी सहाच्या आत, अंड्यांपायी चार-साडेचार आणि डाळींपायी एक किलोसुद्धा नाही. हे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, आपल्या गोठ्याला जसेच्या तसे लावू नयेत. आपलं जनावर कडब्यावर, भुशावर, माणसाला न खाता येणाऱ्या वैरणीवर जगतं, शेतकऱ्याला शेणखत आणि रोजचा पैसा देतं. पण ते दूध कमी देत असल्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त पडतो, हेही खरं. आणि वनस्पतींमध्येही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. खुद्द तांदूळच नाही! पाणी साचलेल्या भातखाचरांतूनही मिथेन निघतो.

डाळीचा आकडा एवढा लहान का, याचं उत्तर मला मंगळवेढ्याला मामांच्या शेतात मिळालं होतं. फक्त तेव्हा ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं. तिथली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. नुसत्या थंडीतल्या ओलीवर येणारी शाळू ज्वारी, मधूनमधून करडईचे पाटे आणि शेजारी हरभरा. मामा पुढच्या वर्षी हरभऱ्याच्या जागी ज्वारी पेरत. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला,’ एवढंच ते सांगत. हरभऱ्याचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसायच्या. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात. जो नत्र युरियातून द्यायचा, तर कारखान्यात नैसर्गिक वायू जाळावा लागतो आणि शेतात टाकल्यावर त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, तो डाळवर्गीय पीक फुकटात मिळवतं. नायट्रस ऑक्साइड तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो.

मामांच्या घरचं जेवण म्हणजे भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात मिथिओनिन कमी, ते धान्यात. मामींनी हे शास्त्र म्हणून कधी शिकलं नव्हतं. कोकणात काळ्या वाटाण्याचं सांबार, अलिबागकडे वालाचं बिरडं, कोल्हापुरात अख्खा मसूर, सगळीकडे हीच जोडी. मग ती मोडली कशी? शहरात पोळी प्रतिष्ठेची झाली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळत गेले आणि डाळ महाग होत गेली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तेव्हा कितीतरी घरांत आमटी पातळ झाली. महागाई उतरली तरी आमटी काही पुन्हा दाट झाली नाही. जगात सर्वांत जास्त डाळी पिकवणारा आपला देश सर्वांत जास्त डाळी आयातही करतो.

आमचे शेजारी रविवारी मटण आणतात. तेवढ्यावरून त्यांना उपदेश करायला जाऊ नये, निदान आठवड्यात तीनदा पनीर खाणाऱ्याने तरी. शिवाय ज्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून अधिक मुलं खुरटलेली आढळली, तिथे गरिबाच्या पोराच्या ताटातलं अंडं हवामानाच्या नावाखाली कोणी काढू नये. कमी करायचं ते ज्यांच्या ताटात जास्त आहे त्यांनी. आणि दूधही पूर्ण सोडणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं की ब-१२ जीवनसत्त्व डाळ-भाजीतून मिळत नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळं घ्यावं लागतं.

हे सगळं मी उत्साहाने सौ.ला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रोज कडधान्य भिजवायचं लक्षात कोणी ठेवायचं? उपसून फडक्यात कोणी बांधायचं? थंडीत दोन-दोन दिवस मोड येत नाहीत.’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पर्यावरणावरच्या भाषणांत मटकी आपोआप भिजते! तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. उसळीवर लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नाही, हे दोन नियमही. पोळ्या चाराच्या दोन केल्या, पनीर महिन्यातून एकदा. एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं, आकडा थोडा उतरला आहे. ‘आणखी सहा महिने,’ डॉक्टर म्हणाले.

परवा मात्र मटकी भिजत घालायला विसरलो. सकाळी ओशाळून सांगितलं, तर सौ. म्हणाली, ‘मग पिठलं करते. बेसन कशाचं असतं? हरभऱ्याचंच ना? ते काही भिजवावं लागत नाही.’ काट्यावर टाकलं. चौघांना १५० ग्रॅम भरलं.