महापालिका अनुदान देते का हो?

मेहरूणमधून बोलतोय. हा भाग रेकॉर्ड करताना मागच्या गल्लीत लग्नाच्या बँडची तालीम चालू होती. ऐकणाऱ्यांनी ती सोसली, वाचणाऱ्यांची सुटका झाली.

तर आजचा विषय एका काकांच्या व्हॉइस मेसेजमधून आला. काकांचा मुलगा अमेरिकेत शिकागोला असतो. त्याच्या घराजवळच्या एका केशकर्तनालयाचं दर्शनी भागाचं काम झालं आणि त्यातला बराच खर्च तिथल्या सिटीनं दिला. काकांनी विचारलं, "आपली महापालिका असं काही देते का हो? आणि आमच्या गल्लीत एक जण अनुदानाचा फॉर्म भरून द्यायचे दीड हजार मागतोय. द्यावे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. देऊ नका. पहिल्याचं उत्तर द्यायला हा पूर्ण भाग लागेल.

आधी शिकागोचं बघू, कारण तिथली गोष्ट काकांना वाटते तेवढी सरळ नाही. तिथं लहान धंद्यांच्या इमारती सुधारण्यासाठी शहराचा एक निधी आहे. त्यात पैसा येतो तो त्या-त्या भागातल्या वाढलेल्या मालमत्ता करातून. म्हणजे ज्या भागात कर वाढला, तो वाढावा त्याच भागात वापरायचा. आणि दुकानदाराला पैसे आधी मिळत नाहीत. अर्ज मंजूर करून घ्यायचा, काम स्वतःच्या पैशानं करायचं, बिलं दाखवायची, मग ठरलेला हिस्सा परत मिळतो. ज्याच्या खिशात आधी पैसे आहेत, त्यालाच ते परवडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आपल्याकडेही तोच भेटणार आहे.

आता आपली महापालिका. जळगावची नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाली. महापालिकांचा कायदा १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटार, दिवाबत्ती, सफाई वगैरे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे जमलं तर करायची. संस्थांना आणि धंद्यांना मदत हा सगळा प्रकार या दुसऱ्या खात्यात जातो. आणि ज्या घरात पहिल्या खात्याचंच भागत नाही, तिथं दुसऱ्याचं काय होणार?

का भागत नाही तेही सांगतो. पूर्वी शहराचा हक्काचा रोजचा पैसा म्हणजे जकात. नाक्यावर ट्रक थांबला की पैसे जमा. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या रकमेवर बसलीय. आपल्याकडे त्यात नगरपालिकेच्या काळातलं हुडकोचं कर्ज होतं, ते वर्षानुवर्षं पुरलं. त्यामुळे सतरा मजलीत जाऊन "आमच्या मंडळाला अनुदान द्या" म्हटलं, तर समोरचा माणूस हसत नाही एवढंच त्याचं मोठेपण.

पण थांबा. महापालिका रोख पैसे फारसे देत नसली, तरी एक गोष्ट फक्त तीच देऊ शकते. कागद. आणि बऱ्याच योजनांमध्ये त्या कागदाशिवाय पैसा हलत नाही.

आमच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर एक मावशी बोरं विकतात. मेहरूणची बोरं म्हटलं की जळगावकराला वेगळं सांगावं लागत नाही. हंगाम संपला की त्याच गाडीवर काकड्या, मग कैऱ्या. लॉकडाऊननंतर भांडवल शून्य. वसुलीवाल्याकडून पैसे घेतले: हातात नऊ हजार, आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस फेड. गाडी लागो न लागो, संध्याकाळी शंभर द्यायचेच. ऐकायला हजार रुपयेच जास्त वाटतात. पण मुद्दल रोज कमी होत जातं, आणि सगळा व्यवहार साडेतीन महिन्यांत संपतो. वर्षाच्या हिशेबानं तो दर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो.

जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी सुरू झाली, फेरीवाल्यांसाठी बिनतारण कर्ज. पहिला हप्ता १० हजार, तो फेडला की २० हजार, मग ५० हजार. वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत थेट खात्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये रकमा वाढवल्या: १५ हजार, २५ हजार, ५० हजार. कर्ज देण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत नेली.

मावशी बँकेत गेल्या. बँकेनं विचारलं, फेरीवाल्याचं ओळखपत्र आहे का? नव्हतं. महापालिकेचं सर्वेक्षण झालं त्या दिवशी मावशी एरंडोलला भाचीच्या लग्नात होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, मनं नाव यादीमा नही शे."

ज्यांचं नाव सर्वेक्षणात सुटलं, त्यांना महापालिका चौकशी करून शिफारसपत्र देऊ शकते. ही तरतूद योजनेतच आहे. फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, जुनी पावती, असं काही असेल तर ते जोडायचं. नसेल तर अधिकाऱ्यानं जागेवर येऊन चौकशी करायची. मावशींकडे काहीच नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, चौथ्या वेळी माणूस येऊन गाडी बघून गेला. पत्र मिळालं, कर्ज मिळालं, वसुलीवाला सुटला.

आता हिशेब करा. आजच्या १५ हजारांच्या कर्जावर वर्षभरात सात टक्के सवलत म्हणजे किती? हप्त्यानं मुद्दल घटत जातं, त्यामुळे साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये. यालाच अनुदान म्हणायचं तर ते एवढंच. खरी कमाई म्हणजे रोजचा शंभराचा फास गेला, आणि तो गेला एका पानाच्या पत्रामुळे.

संस्थांनी इथं लक्ष द्या. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश महिला, आणि स्वयंसेवी संस्थांनाही जागा आहे. मंडळं अनुदानाच्या मागे पळतात, पण या खुर्चीसाठी कोणी अर्ज केलेला मी तरी बघितला नाही.

महापालिकेच्या स्वतःच्या बजेटमध्येही काही पैसा बांधलेला असतो. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के. बाजूला ठेवणं आणि खर्च करणं यात फरक आहे, आणि तो कोणी विचारल्याशिवाय कळत नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा: मागच्या तीन वर्षांत या शीर्षाखाली तरतूद किती, खर्च किती, कशावर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग "आम्हाला काहीतरी द्या" असं म्हणायची वेळ येत नाही. "या शीर्षात एवढे शिल्लक आहेत, शिवणकामाचा वर्ग घ्यायला आमच्याकडे खोली आहे आणि तीस बायका तयार आहेत," असं सांगता येतं.

आता धंदेवाले. यांचं दार बहुतेक वेळा महापालिका नसून जिल्हा उद्योग केंद्र असतं. केंद्राचा रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्र्यांच्या नावाचा, दोन्हींत शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, महिला, मागासवर्गीय वगैरेंना २५ टक्के. ग्रामीण भागात हेच आकडे २५ आणि ३५. आम्ही मेहरूणकर अजूनही "गावात जाऊन येतो" म्हणतो, पण मेहरूण महापालिका हद्दीत आहे, म्हणजे शहरी. इथं १५ किंवा २५ च. हद्दीबाहेर युनिट टाकलं तर दहा टक्के जास्त. शेड भाड्यानं घेण्याआधी हे बघा, नंतर कळून उपयोग नाही.

केळीचे वेफर्स करणाऱ्या बचतगटांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये जळगावला केळीच आहे. समजा प्रकल्प चार लाखांचा. स्वतःचे १० टक्के म्हणजे ४० हजार, बाकी ३ लाख ६० हजार बँक देते, आणि अनुदान बसतं १ लाख ४० हजार. पण ते हातात येत नाही हो! ते बँकेत तीन वर्षं वेगळं पडून राहतं आणि कर्ज नीट चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. आठवतं ना शिकागो? हप्ते थकले तर अनुदानाचं काय होतं, हे सही करायच्या आधी मॅनेजरला विचारा. बचतगटाला प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे. अर्ज करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते, तिचं मानधन योजनेतून मिळतं, तुमच्याकडून नाही. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती, म्हणून अर्जाआधी कृषी कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्या.

सगळ्यात वाईट अनुभव शेवटी सांगतो, कारण तो आमचाच आहे.

आमचं मंडळ एक अभ्यासिका चालवतं. स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री अकरापर्यंत बसतात. एका कंपनीनं सामाजिक दायित्वाच्या निधीतून बारा संगणक द्यायची तयारी दाखवली. २०२१ पासून असा पैसा घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंद लागते, आणि त्याआधी आयकराची १२-ए आणि ८०-जी. आम्ही म्हटलं, करू. कागद काढले. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आमचे विश्वस्त सात. त्यातले तीन वारलेले, एक सुरतला. अकरा वर्षांत एकही फेरफार अहवाल दाखल नाही. कायद्यानं बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. मी स्वतः सहा वर्षं सचिव आहे, आणि कागदावर मी कुठंच नाही. म्हणजे मी केलेल्या सह्यांना अर्थ काय, हे वकिलानं विचारलं तेव्हा मला घाम फुटला.

कंपनीचं आर्थिक वर्ष संपलं, संगणक दुसरीकडे गेले. पोरं अजून मोबाईलवर पीडीएफ वाचतात. यात महापालिकेची चूक नाही, सरकारची नाही, कंपनीची तर नाहीच. दरवर्षी गणपतीचा हिशेब आम्ही फळ्यावर लिहितो, पण सभेचं इतिवृत्त लिहायला कोणी बसलं नाही.

तर काका, तुमचं उत्तर. दुकानाच्या दर्शनी भागासाठी महापालिका पैसे देईल असं धरून चालू नका. तुमच्या गल्लीतला तो माणूस दीड हजारात बहुधा उद्यम नोंदणी करून देणार असेल. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आणि पॅन लागतो, अर्ध्या तासाचं काम. नातवाला बसवा.

आमचा फेरफार अहवाल आता दाखल झालाय. वारलेल्या तिघांचे मृत्यूचे दाखले गोळा करायलाच दोन महिने गेले. एकाचा दाखला सतरा मजलीतूनच मिळाला, फी भरून, त्याच दिवशी. सुरतवाल्या विश्वस्तांनी राजीनामा पोस्टानं पाठवलाय, त्यावर तारीख टाकायची राहिली, म्हणून तो परत पाठवलाय.