खेळगाडीच्या कवचाची डागडुजी

बिनतारी यंत्रानें हांकल्या जाणाऱ्या खेळगाडीचें कवच बहुधा पॉलिकार्बोनेटचें असतें. १९५३ सालीं जर्मनींत व अमेरिकेंत स्वतंत्रपणें शोधलेलें हें प्लॅस्टिक आघात सोसतें. तथापि वारंवार आदळल्यानें त्यालाही तडा जातो. हट्ट्यासारख्या गांवीं नवें कवच सहजासहजीं मिळत नाहीं. मूल हिरमुसून गाडी अडगळींत टाकतें. तसें करण्याचें कारण नाहीं.

तड्याचें बळ त्याच्या टोकांत एकवटलेलें असतें. तेथें बारीक वाटोळें छिद्र पाडावें, म्हणजे ताण विभागून तडा पुढें सरकत नाहीं. मग आंतली बाजू साबणाच्या पाण्यानें धुवून कोरडी करावी आणि जाळीच्या कापडाचें ठिगळ बूट सांधण्याच्या लवचिक गोंदानें चिकटवावें. ताठ वाळणारा गोंद पुढील धक्क्यासच निखळतो. ठिगळ रात्रभर वाळूं द्यावें.

मोडलेली वस्तु टाकण्यापूर्वीं ती कां मोडली हें पाहणें, हाच या डागडुजींतील खरा धडा होय.