गाडी खरी कशावरून?



गेल्या महिन्यात आमच्या शेअर्स विभागात एक गृहस्थ आले. वडील वारलेले, शेअर वारसाच्या नावावर करायचा होता. दाखला घरात सापडेना आणि आमच्या जुन्या रजिस्टरच्या नेमक्या त्याच पानाला वाळवी लागलेली. शेवटी त्यांच्या आईने ट्रंकेतून जुन्या काटा पावत्यांची चवड काढून दिली. पावतीवर सभासद नंबर होता, ऊसबिलाच्या खातेवहीत तोच नंबर त्याच नावापुढे निघाला आणि काम मार्गी लागलं. योगायोग असा की, त्याच आठवड्यात जुनं दप्तर रद्दीत घालायची बोलणी कार्यालयात चालली होती. म्हणून या अंकात आम्ही एका परदेशी मोटारगाडीची हकीकत देत आहोत. मोटारीचा आणि उसाचा संबंध काय, असं म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचं एक छोटं गाव आहे. भोवताली सगळी शेती. तिथे फ्रेड गिब हे शेवरोले मोटारींचे विक्रेते होते. त्यांना शर्यतीचा भारी नाद. शर्यतीच्या संघटनेचा नियम असा होता की, निदान ५० गाड्या कारखान्यातून तयार होऊन निघाल्या तरच तो प्रकार शर्यतीत उतरवता येईल. गिब यांनी एकदम ५० कॅमारो गाड्यांची मागणी नोंदवली. इंजिन मात्र बिडाचं नको, ॲल्युमिनियमचं हवं, तेही ४२७ घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून खास हुकूम निघाला, त्याचा नंबर ९५६०.

१९६८ च्या डिसेंबरअखेर पहिल्या गाड्या गावात पोचल्या. किंमत ७,००० डॉलरच्या वर, म्हणजे आठ सिलिंडरच्या साध्या कॅमारोच्या सुमारे अडीचपट. एवढ्याला गिऱ्हाईक कुठलं मिळायला! बऱ्याच गाड्या कंपनीने परत घेऊन दुसऱ्या विक्रेत्यांकडे धाडल्या. १९६९ च्या मॉडेलच्या एकूण २,४३,०८५ कॅमारो निघाल्या, त्यात ही इंजिनं बसवलेल्या फक्त ६९.

त्या वेळी जी गाडी खपत नव्हती, तिला आज लाखो डॉलर मोजणारे शौकीन आहेत. आणि पैसा आला की लबाडी आलीच. साधी कॅमारो घ्यायची, तसलं इंजिन मिळवून बसवायचं, रंग मारायचा आणि ‘ही कारखान्यातूनच अशी आली’ म्हणून खपवायची. नुसत्या डोळ्यांनी बघून भलेभले फसतात. मग खरी-खोटी ओळखायची कशी?

पहिली गोष्ट, गाडीचा नंबर. काचेच्या आत डॅशबोर्डवर पट्टी असते, तिची सुरुवात १२४३७९ एन अशी. पहिला १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमारो, ३७ म्हणजे दोन दारांची बंद गाडी, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायो राज्यातला नॉरवूडचा कारखाना. पुढे अनुक्रमांक. पण गंमत अशी की, आठ सिलिंडरचं कुठलं इंजिन, हे हा नंबर सांगतच नाही.

शिवाय पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते. म्हणून जाणकार पट्टीवर विसंबत नाहीत. याच नंबरचा काही भाग कारखान्याने आणखी दोन ठिकाणी पत्र्यावर ठोकलेला असतो, एक हीटरच्या पेटीमागे आणि दुसरा काचेखालच्या जाळीच्या पत्र्याखाली. ते भाग खोलल्याशिवाय तो दिसत नाही. इंजिनावरही तोच नंबर लागतो.

त्यानंतर तारखा. इंजिनाचा ब्लॉक ओतला त्या दिवसाची खूण ब्लॉकवरच असते: महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. गाडीची बॉडी कुठल्या आठवड्यात तयार झाली, ते इंजिनजवळच्या पाटीवर असतं. ०२ सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. आता बॉडी फेब्रुवारीची आणि ब्लॉक एप्रिलमध्ये ओतलेला, असं निघालं तर? लागणीच्या आधी तोड झाली म्हणण्यासारखंच ते! हे इंजिन मागाहून बसवलेलं, हे उघड आहे.

आणि शेवटी कागद. गाडी जोडताना कामगारांपुढे एक तक्ता असे, कुठला सुटा भाग कुठे लावायचा ते सांगणारा. काम झालं की तो कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोल टाकीवर तसाच राहून जाई. त्या कामगाराला तो कचराच वाटला असेल. पण आज असा चुरगळलेला कागद सापडला, की गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. हमीपुस्तकात गिऱ्हाइकाला एक छोटी धातूची पट्टी मिळे. तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिनाची खूण उठवलेली असे. तीही अशीच मोलाची.

यातली कुठलीही एक खूण एकटी पुरेशी नाही. सगळ्यांची साक्ष जुळली तरच गाडी खरी.

आता खरा मुद्दा सांगतो. त्या ६९ गाड्यांची नंबरवार यादी शिल्लक राहिली, म्हणून ‘सत्तरावी’ घेऊन कुणी आला तर तो तिथेच अडकतो. पण त्याच वर्षी ९५६१ नंबरच्या हुकुमाने बिडाच्या मोठ्या इंजिनाच्याही गाड्या निघाल्या होत्या, हजाराच्या आसपास. त्यांची अशी पुरी यादी नाही. तिथे प्रामाणिक मालकालाही एकेका कागदासाठी वणवण करावी लागते. नॉरवूडचा कारखाना तर १९८७ साली बंदच झाला. विचारायला जायचं कुणाकडे?

आपल्याकडे काटा आता संगणकावर आला, वजनाचा संदेश मोबाइलवर येतो. चांगलंच आहे. पण ज्यांनी पहिले शेअर घेतले, बैलगाडीने ऊस घातला, त्यांची साक्ष त्या जुन्या वह्यांतच आहे. दप्तराचा विषय संचालक मंडळापुढे येईल. सभासद नंबर, शेअर आणि ऊसनोंद यांची रजिस्टरं रद्दीत जाऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. जागा अडते ही अडचण खरी, पण वाळवीचा बंदोबस्त करून एक खोली राखणं काही अवघड नाही.

सभासदांनीही आपल्याकडून एवढं करावं. शेअर दाखला, जुन्या काटा पावत्या आणि बिलाच्या पट्ट्या एका पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात. पिशवी कुठे आहे, ते घरातल्या बायामाणसांना आणि मुलांना सांगून ठेवावं. वारस नोंद राहिली असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आत गट ऑफिसात येऊन ती करून घ्यावी.