अस्सलायनसुत्तातील यवन आणि अथेन्सचे नागरिकत्व

सोलापूर येथे पाली शिकविताना ‘अस्सलायनसुत्ता’पाशी एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. मज्झिमनिकायातील या सुत्तात अस्सलायन हा ब्राह्मण तरुण स्ववर्णाच्या श्रेष्ठत्वाचा दावा मांडतो. तेव्हा तथागत योन-कंबोजांचा दाखला देतात. तेथे ‘अय्य’ व ‘दास’ असे दोनच वर्ण असून, अय्याचा दास आणि दासाचा अय्य होऊ शकतो. मग यवनांत समता होती काय?

सुत्तातील योन हे कंबोजांचे शेजारी होत. परंतु यवनांच्या नगरराज्याची विपुल माहिती मिळते ती अथेन्सची. इ.स.पूर्व 508 च्या सुमारास क्लेइस्थेनीसने तेथील नागरिकांची दहा गणांत नवी विभागणी केली. प्रत्येक गणातून चिठ्ठ्या टाकून पन्नास जण निवडले जात व पाचशेंचे मंडळ बने. कायदा व युद्ध यांचा निर्णय मात्र सर्व नागरिकांची सभा हात वर करून घेई. गरीब नागरिकालाही तेथे मत होते.

परंतु नागरिक कोण? स्त्रिया, दास आणि परकीय रहिवासी यांना सभेत स्थान नव्हते. इ.स.पूर्व 451 मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने आई व बाप दोघेही अथेनियन असणे आवश्यक ठरले. मुक्त झालेला दासही सामान्यतः परकीय रहिवाशाच्याच दर्जाला पोहोचे. म्हणजे नागरिकत्व जन्मावरच उभे होते. सुत्ताचा दाखला यवनांच्या समतेचा नव्हे. चातुर्वर्ण्य सार्वत्रिक नाही, एवढाच त्याचा आशय आहे.

भिक्खुसंघातही ञत्ति, गणपूर्ती व शलाकांद्वारे मतदान होते. स्वामीने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या नव्हती, हे विनयातील बंधनही लपविण्याचे कारण नाही. तथापि संघातील ज्येष्ठता जन्मावर नव्हे, तर उपसंपदेच्या काळावर ठरे. म्हणूनच उपाली नाभिकाला आधी प्रव्रज्या मिळाली आणि शाक्य कुमारांनी त्याला वंदन केले. पुढे कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले स्तंभ इतर उपासकांच्या स्तंभांच्या रांगेतच उभे राहिले.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या याच सभानियमांचे स्मरण करून दिले. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, या विसंगतीचा इशाराही त्याच भाषणातला. अथेन्सने मत दिले, पण जन्माची अट ठेवली. आपल्या संविधानाने ती अट मतपेटीपुरती काढली. वस्तीतून, पाणवठ्यावरून व विवाहातून ती काढणे हे आपले कर्तव्य होय.