'ॲ' वेटिंग लिस्टवर!

पुण्यात इंजिनिअरिंग करायचं आणि बुधवार पेठ टाळायची, हे शक्यच नाही. प्रोजेक्टसाठी रिले, सेन्सर, आयसी हवेत? तपकीर गल्ली. जुनी टेक्स्टबुकं हवीत? अप्पा बळवंत चौक. सबमिशन अंगावर आलंय? दगडूशेठ! (तिन्ही कामं एका चकरेत होतात, म्हणून हॉस्टेलवाल्यांचा रविवार तिथेच जातो.) पण याच पेठेत आपल्या 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या विषयाची सगळ्यात भारी केस स्टडी पडलेली आहे, आणि ती सिलॅबसमध्ये नाही. एका फीचरची वीस-एकवीस वर्षं वाट बघणारे कस्टमर! कोण? तर मराठी पुस्तकं, लग्नपत्रिका, गाईडं आणि आपल्यासारखी मॅगझिन्स 'लावून' देणारे डीटीपीवाले.

फीचर साधं आहे. मराठी मजकूर मराठी म्हणूनच साठवला जावा आणि पान लावताना नीट दिसावा. बस्स, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोबाइलवर तर सगळे मराठीत गुड मॉर्निंग पाठवतात! मलाही तसंच वाटायचं. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी विभागाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मैत्रिणी हसल्याच. लेख गोळा केले, पेन ड्राइव्हवर टाकले आणि चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी फाइल उघडली आणि चष्मा वर केला. "अगं, हे युनिकोडमध्ये आहे. आमच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करावं लागेल, आणि मग तुलाच परत सगळं प्रूफ वाचावं लागेल." एकविसाव्या शतकात? हो, एकविसाव्या शतकात. तिथून हा सगळा शोध सुरू झाला.

आता थोडा टेक्निकल भाग. (कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, मेकॅनिकलवाल्यांनी तर मुळीच नाही.)

जुन्या फॉन्टमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण २५६ खण. इंग्रजीला ते पुरून उरतात. देवनागरीत मात्र जोडाक्षरं, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं मिळून शेकड्यांनी आकार होतात. मग काय केलं? इंग्रजीच्याच खणांमध्ये देवनागरीचे तुकडे बसवले. एका खणात अर्धा प, एका खणात काना, एकात रफार. ऑपरेटर हे तुकडे शेजारी शेजारी मांडतो आणि स्क्रीनवर 'मराठी' दिसतं. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! फॉन्ट बदला, की ज्ञानेश्वरांच्या ओवीची डॉलर-टक्का-कंस अशी अवस्था. शिवाय प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडेल याची खात्री नाही.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं काम आपल्या पुण्यातच झालं. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची. १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅकही पुण्याची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं तंत्रज्ञान सी-डॅकने पुढे वाढवलं. त्या काळात हे जुगाड नव्हतं, उपकार होते. मराठी छपाई खिळ्यांच्या पेट्यांमधून बाहेर पडून कॉम्प्युटरवर आली ती या लोकांमुळे. हे आधी मान्य करू, मग तक्रार करू.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडचा फंडा वेगळा आहे. तिथे अक्षराचा आकार साठवत नाहीत, अक्षरच साठवतात. 'वार्षिक' हा शब्द घ्या. साठवताना व, काना, र, हलन्त, ष, र्‍हस्व वेलांटी, क असे सात कोड एकापाठोपाठ, म्हणजे साधारण आपण उच्चारतो त्या क्रमाने. दिसताना मात्र वेलांटी उडी मारून ष च्या अलीकडे बसते आणि मधला र रफार होऊन ष च्या डोक्यावर चढतो. ही उडी कोण मारणार? छापखान्यात ती खिळे जुळवणारा कंपोझिटर हाताने मारायचा. जुन्या फॉन्टमध्ये ऑपरेटर बोटांनी मारतो. युनिकोडमध्ये ती सॉफ्टवेअरनेच मारायची असते. या कामाला 'शेपिंग' म्हणतात.

आणि इथेच घोडं पेंड खातं! विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी हे शेपिंग आलं. एक्सपीत ते चालू करायला कंट्रोल पॅनलमध्ये एक टिक मारून सीडी घालावी लागायची. म्हणजे वर्डमध्ये, ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसू लागलं. पण पानं लावायची सॉफ्टवेअर विंडोजचं शेपिंग वापरत नव्हती. त्यांचं स्वतःचं इंजिन होतं, डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर ठेवत जाणारं. त्यात युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी भलतीकडे आणि रफाराऐवजी पाय मोडका र!

पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने आणलं. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस घेतली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये, आणि नंतर त्याचं डेव्हलपमेंटच बंद झालं. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर मराठी डीटीपी उभा राहिला, त्यात हे फीचर कधी आलंच नाही. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन १९९९ चं. त्यातही मराठीवाले थांबलेलेच. २००८ च्या सीएस-४ मध्ये तर कहरच झाला. अशा लिप्या हाताळणारं 'वर्ल्ड-रेडी' इंजिन सॉफ्टवेअरच्या पोटात आलं, पण नेहमीच्या आवृत्तीच्या मेनूत त्याचं बटणच नाही! घरात पाइपलाइन आली, नळ मात्र बसवला नाही. बाहेरच्या लोकांनी प्लग-इन लिहून तो नळ विकला. अखेर २०१२ मध्ये सीएस-६ बरोबर मराठीसकट दहा भारतीय भाषांचा सपोर्ट आला. तोही आपणहून चालू नाही, सेटिंग बदलून वेगळा 'कंपोझर' निवडायचा.

१९९१ ते २०१२. करा वजाबाकी.

इतका उशीर का? आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. शेपिंग बदललं की ओळ कुठे तोडायची, कर्सर कुठे थांबायचा, शब्द कसा शोधायचा, अक्षरांमधली जागा कशी वाढवायची, सगळंच बदलतं. म्हणजे एक बटण वाढवायचं नाही, पाया उकरायचा. दुसरं कारण माझं मत म्हणून सांगते. फीचरच्या रांगेत पुढे तो जातो, ज्याच्याकडून पैसे येताना दिसतात. आपल्याकडे चोरून टाकलेली कॉपी वापरणाऱ्यांची कमी नव्हती. (हॉस्टेलमधल्या मंडळींनी इकडेतिकडे बघू नये.) चोरीची कॉपी वापरणारा कंपनीच्या हिशेबात कस्टमर नसतोच. आणि पुस्तक वाचणारा तर त्याहूनही नाही, कारण तो सॉफ्टवेअर विकत घेतच नाही. मग वाचक चिडतो लेखकावर, लेखक प्रकाशकावर, प्रकाशक ऑपरेटरवर, आणि ऑपरेटरच्या मागे भिंत.

यंत्र ऐकेना म्हणून लिपीलाच बदलायला सांगण्याचाही प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. सावरकरांची लिपीशुद्धी म्हणजे अि, अी, अु, अू. छपाईचे खिळे कमी लागावेत हा त्यामागचा एक हेतू. लोकांनी ती फारशी उचलली नाही. मला वाटतं बरंच झालं, नाहीतर आज माझ्या स्पेलिंगच्या चुका दुप्पट झाल्या असत्या!

आता शीर्षकातल्या 'ॲ' कडे. ॲडमिशन, ॲप्रन, ॲम्पियर, ॲसिड. आपला दिवस या अक्षराशिवाय सुरू होत नाही. पण युनिकोडमध्ये याला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत अ ला वर चंद्र जोडून काम भागवायचं. दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या पद्धतीने टाइप केलेला 'ॲसिड' नव्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही. २००९ च्या ६ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ॲ आणि ऑ आहेत आणि मराठी वळणाचे ल आणि श कसे लिहायचे तेही आहे.

याउलट रुपयाचं चिन्ह बघा. १५ जुलै २०१० ला सरकारने ₹ मंजूर केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये ते आलंसुद्धा! तीन महिने. मागणारा कोण आहे यावर किती अवलंबून असतं, बघा.

दुसरा रस्ताही आहे. स्क्रायबस नावाचं फुकट, ओपन सोर्स डीटीपी सॉफ्टवेअर आहे. त्यातही हीच तक्रार वर्षानुवर्षं पडून होती. शेवटी ओमानमधल्या प्रोग्रामर मंडळींनी अरबीसाठी हार्फबझ हे शेपिंग इंजिन त्यात बसवायचं काम अंगावर घेतलं, २०१७ च्या १.५.३ मध्ये ते आलं, आणि अरबीबरोबर देवनागरीचंही काम झालं. २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. मस्कतवाल्यांनी केलं, पुण्यात इतकी कॉलेजं असून आपण नाही केलं, हे मला जरा लागलं. असो.

मग फीचर आलंय तर काका अजून जुन्याच फॉन्टवर का? हे मी त्यांना विचारलंच. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. वीस-पंचवीस वर्षांच्या पुस्तकांच्या फाइली सीडीवर, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये. पुनर्मुद्रण आलं की त्याच उघडायच्या. कन्व्हर्टर आहेत, पण ते नेमके 'ऱ्या'पाशी अडखळतात. 'आचाऱ्यास' दक्षिणा द्या आणि 'आचार्यास' दक्षिणा द्या, यात पैसे कुणाच्या खिशात जातात ते तुम्हीच बघा! पाचशे पानांत असे किती, ते एकेक शोधणार कोण, आणि त्याचे पैसे देणार कोण? वाट बघता बघता त्यांनी त्या अडचणीवरच आख्खा धंदा बसवला. आता अडचण गेली, तरी धंदा कसा हलवणार?

तर पुढच्या अंकासाठी लेख देणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सरांना-मॅडमना विनंती. लेख युनिकोडमध्येच टाइप करा, पीडीएफ देऊ नका. ॲ एकाच कळीने काढा, अ वर चंद्र चढवू नका. आणि सुऱ्या, दऱ्या, कऱ्हाड असे शब्द असतील तर कागदावर त्यांना पेन्सिलीने गोल करा. प्रूफ मलाच वाचायचंय!