घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही : ऑपरेशन झालेल्या एका ग्रंथपालाचा अनुभव

घरात कुणी मोठ्याने घोरायला लागलं की आपण म्हणतो, ‘काय गाढ झोप लागलीय!’ पण बऱ्याचदा उलटं असतं. तो माणूस रात्रभर श्वासासाठी झगडत असतो आणि सकाळी उठतो तो दमलेलाच. या आजाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात.

मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. या आजारासाठी माझ्या नाकाचं आणि घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून पेपर वाचायला येणारे लोक विचारतात, ‘ऑपरेशनने घोरणं जातं का? आम्ही पण करून घ्यावं का?’ याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नेमकं होतं काय?

जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. पडजीभ, टाळूचा मागचा मऊ भाग आणि जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवा जाताना हे भाग थरथरतात, तोच घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. कधी दहा सेकंद, कधी त्याहून बराच जास्त. रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून जागा करतो, माणूस जोरात श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही.

श्वास थांबणं किंवा फार कमी होणं तासाला किती वेळा होतं, यावर आजार मोजतात. ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र. उपचार झाले नाहीत तर रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गाडी चालवताना डुलकी लागते, ते वेगळंच.

थकव्याला कारण सापडतंच

हा आजार लवकर कळत नाही, कारण थकव्याला दुसरं कारण नेहमी हाताशी असतं. तरुणपणी मी पहाटे चारला एसटी स्टँडवर पेपरचे गठ्ठे सोडवायचो. दिवसा झोप यायची, तर लोक म्हणायचे, ‘पहाटे उठतोस, येणारच.’ पुढे शाळेत कारकून झालो, तेव्हा ‘बैठं काम आहे’ असं म्हणायचे. मग ग्रंथालयाचा प्रशिक्षण वर्ग केला आणि मोटरसायकलवर पुस्तकांच्या पेट्या बांधून वाड्या-वस्त्यांवर फिरतं वाचनालय चालवलं. तेव्हा कारण झालं ऊन आणि धूळ. तालुक्याला ग्रंथपाल झालो तोवर वय हेच कारण झालं होतं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, तरी तो ताब्यात येत नव्हता. दाखल नोंदवहीत पुस्तकं चढवताना पेन कागदावर घसरत जायचं.

एकदा दुपारी पुस्तकं पोचवून परत येताना मोटरसायकल सरळ रस्ता सोडून उसाच्या कडेला गेली. लागलं काही नाही. पण मागे पुतण्या बसला होता. तो घरी येऊन म्हणाला, ‘काका गाडीवर झोपले होते.’

माझी बायको मात्र कधीपासून सांगत होती, ‘झोपेत तुमचा श्वास थांबतो.’ त्या रात्री तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो पाहिला आणि झोपेची तपासणी करायला सांगितली. वाचकहो, घरात कुणी असं घोरत असेल तर हा व्हिडिओ नक्की काढा. शब्दांत सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं.

तपासणी कशी असते?

रात्री झोपताना डोक्याला, छातीला, बोटाला आणि नाकापाशी तारा लावतात. श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके आणि झोप यांची रात्रभर नोंद होते. दुखत काही नाही. काही रुग्णांना छोटं यंत्र देऊन ही तपासणी घरीही करता येते. माझा आकडा आला तासाला ४२, म्हणजे तीव्र.

मशीन की ऑपरेशन?

या आजारावरचे दोन मोठे उपाय एकाच वर्षी, १९८१ साली जगापुढे आले. एक म्हणजे ‘सीपॅप’ मशीन. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते तयार केलं. नाकावर मास्क लावून हवेचा दाब दिला जातो आणि घशाची वाट उघडी राहते. मोठ्या माणसांसाठी आजही बहुतेक वेळा हाच पहिला उपाय असतो. वीज गेली की मशीन बंद पडतं, म्हणून गावात इन्व्हर्टरची सोय आधी बघावी.

दुसरा उपाय ऑपरेशनचा. अमेरिकेत डॉ. शिरो फुजिता यांनी टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ कमी करून वाट मोठी करण्याची पद्धत मांडली. पण वाट प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी बंद होते. कुणाची नाकात, कुणाची टाळूपाशी, कुणाची जिभेमागे. जिभेमागे अडत असेल आणि ऑपरेशन नुसतं टाळूचं केलं, तर फायदा कमीच होणार. अडथळा कुठे आहे हे कळावं म्हणून कधीकधी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा बघतात.

माझ्या नाकाचा पडदा वाकडा होता आणि टॉन्सिल खूप मोठे होते. मशीन लावलं तरी नाक चोंदल्यामुळे रात्री मास्क निघायचा. म्हणून ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशननंतर

पहिले दहा-बारा दिवस घसा फार दुखतो. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. मऊ भात, गार दूध, पातळ खिचडी एवढंच जातं. तिखट आणि कडक भाकरी बंद. पाणी पिताना थोडं नाकातून यायचं, ते काही आठवड्यांत थांबलं. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली निघताना रक्त येऊ शकतं. तोंडातून रक्त आलं तर घरी वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

महिन्याभरात घोरणं जवळजवळ बंद झालं. घरचे खूश झाले. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तर आकडा १७ आला. म्हणजे ४२ वरून खूप कमी, पण आजार गेलेला नव्हता. आवाज थांबला होता, श्वास मात्र अजून थांबत होता. ती तपासणी झाली नसती तर हे कळलंच नसतं. आता मी मशीन लावतो. नाक मोकळं झाल्याने मास्क रात्रभर टिकतो आणि दाबही कमी लागतो. रक्तदाब एका गोळीवर आला आहे. दुपारी नोंदवही लिहिताना झोप येत नाही.

तुम्ही काय करायचं?

हे आठ प्रश्न स्वतःला विचारा : मोठ्याने घोरता का? दिवसा दमल्यासारखं वाटतं का? झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का? रक्तदाब आहे का? वजन खूप जास्त आहे का? वय ५० च्या वर आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर डॉक्टरांना दाखवा. बारीक माणसांना आणि पाळी गेलेल्या बायकांनाही हा आजार होतो. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर त्यालाही दाखवा. मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढल्यावर बहुतेकदा चांगला गुण येतो.

वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू बंद करणं आणि डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी न घेणं, याला पैसे लागत नाहीत. कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार असल्याचं सांगा.

आणि घोरण्याच्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा : माझी झोपेची तपासणी झाली का? वाट नेमकी कुठे बंद होते? मशीन लावून बघितलं तर चालेल का? ऑपरेशननंतर पुन्हा तपासणी कधी करायची? खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. चौथ्या प्रश्नाची तारीख मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.